कोटोपॅक्सीचा ठिकाणा

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट ऑगस्टिन हे नगर वादळाच्या कृपेने तगले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कारण 1565 साली पेद्रो मेनेंदेझ याने येथे स्पेनचे ठाणे वसविताच त्याचा उच्छेद करावयास निघालेल्या ज्याँ रिबोच्या फ्रेंच आरमाराला तुफानाने दक्षिणेकडे लोटून फोडले, आणि किनाऱ्याला लागलेल्या बहुतेक खलाशांना मेनेंदेझने ज्या खाडीपाशी कापून काढले, तिला आजही त्या कत्तलीचेच नाव आहे. पुढे शिंपल्यांच्या दगडाचा किल्ला उठला. तोही पाहण्याजोगा आहे, पण माझे पाय वळले ते 1874 सालच्या दीपगृहाकडे.

त्याच्या 219 पायऱ्या चढून पूर्वेकडे पाहिले, तर समुद्र अगदी निरुपद्रवी दिसतो. तेथून सुमारे 35 मैलांवर ‘कोटोपॅक्सी’ ही मालवाहू आगबोट तळाशी पडली आहे. 1925च्या 29 नोव्हेंबरला चार्ल्स्टनहून कोळसा भरून ती हवानाकडे निघाली, तेव्हा तिच्यावर कप्तान मेयर धरून 32 माणसे होती. 1 डिसेंबरला, बोट कलली असून आत पाणी शिरत आहे, अशी बिनतारी वर्दी तिने दिली, आणि त्यानंतर ना बोट दिसली, ना माणूस.

एवढ्या भांडवलावर बर्म्युडा त्रिकोणाचे पुराणिक कित्येक वर्षे पोसले गेले, आणि स्पीलबर्गच्या परग्रहवासीयांवरील चित्रपटाने तर तिला थेट गोबीच्या वाळवंटात नेऊन उभी केली! वस्तुतः पाणबुडे त्या सांगाड्याला ‘बेअर रेक’ या टोपणनावाने कित्येक दशके ओळखत होते. ठाऊक नव्हते ते तिचे खरे नाव. मायकेल बार्नेट या सागरी जीवशास्त्रज्ञाने बुडी मारून बॉयलरादी यंत्रसामग्रीची मापे ताडून पाहिली, लंडनच्या लॉइड्सच्या विमादप्तरात त्या शेवटच्या वर्दीची नोंद मिळाली, आणि 2020 साली ओळख जाहीर झाली. पाण्याखालच्या साहसाइतकेच, किंबहुना किंचित अधिकच, मला त्या दप्तराचे कौतुक वाटते. धूळ खात का होईना, त्याने साक्ष जपली होती.

बुडालेल्यांच्या वारसांनी कंपनीवर दावा गुदरला होता, त्याचेही कागद उपलब्ध आहेत. परग्रहवासीयांना प्रतिवादी करण्याची गरज त्या दुर्दैवी कुटुंबांना कधी भासली नाही. त्यांची तक्रार एवढीच होती, की कोळशाच्या खणांवरील लाकडी झाकणे नादुरुस्त असताना बोट समुद्रात लोटली गेली.