पहाटे चारला उठतात

मनोरुग्णालयातल्या बाईला बरं वाटलं, डॉक्टरांनी डिस्चार्जला हरकत नाही म्हणून लिहिलं, पण जायला घरच नाही, अशा वेळी जो कागद करावा लागतो त्याला आमच्याकडे नुसतं 'रेफरल' म्हणतात. तो आधाराची घरं चालवणाऱ्या संस्थेकडे जातो. वस्तीतलं भाड्याचं साधं घर, त्यात चार-पाच जणी आणि मदतीला एक ताई. चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने २०१५मध्ये 'होम अगेन' नावाने अशी घरं सुरू केली आणि पुढे ते काम रत्नागिरीपर्यंत आलं. आमच्या फॉर्मवर निदान, औषधं, दाखल केल्याची तारीख, आजार उलटल्याचा इतिहास यांना पान-दीड पान आहे. 'इतर माहिती'ला एक ओळ. माझा सगळा वेळ त्या ओळीत जातो, आणि पुरवणी जोडावीच लागते.

कारण घरातल्या ताईला निदानाचा फारसा उपयोग नसतो. तिचे प्रश्न वेगळे. रात्री झोप लागते का? न्हाणीघराची कडी आतून लावून घेतली तर काढता येते का? विडी-तंबाखू? हातात पैसे दिले तर काय करतात? सगळा वॉर्ड ज्यांना आक्का म्हणतो, त्यांच्या कागदावर मी लिहिलं होतं : 'पहाटे चारला उठतात. चहा मिळेपर्यंत भांडी वाजवतात. कोरा चहा चालतो.' आक्का सकाळच्या पावातला अर्धा पाव उशीच्या अभ्र्यात ठेवायच्या. केसपेपरवर कुणीतरी त्याची लक्षण म्हणून नोंद केली होती. स्टेशनाबाहेर वर्षं काढलेल्या माणसाला उद्याचं खाणं आजच जवळ ठेवावंसं वाटलं, तर त्यात आजार तो काय? मी लिहिलं, 'झाकणाचा डबा द्यावा. तो त्यांच्याच ताब्यात राहू द्यावा.'

'शांत, सहकार्य करणाऱ्या' हे शब्द मी वापरत नाही. वॉर्डात सहकार्य म्हणजे बसवलं तिथे बसणं. तशी बाई घरात गेली की कुणी वाढेपर्यंत जेवत नाही, आणि ताईची पंचाईत होते. उलट नळावर रांगेवरून रोज भांडणारी बाई बहुतेक वेळा घरात लवकर रुळते. आपली पाळी कुठली हे तिला पक्कं ठाऊक असतं. मात्र पूर्वी कुणी भिंत चढून पळालं असेल तर तेही लिहायचं. कधी, कशावरून, आणि सापडल्या तेव्हा कुठे चालल्या होत्या, एवढ्या तपशिलासकट. लपवलं तर आठवड्याच्या आत ताईला कळतंच, तेही मध्यरात्री, आणि मग आमच्या वॉर्डाचा पुढचा कागद ढिगाच्या तळाशी जातो.

बैठकीत हमखास विचारलं जातं, 'पण ती तयार आहे का? स्वयंपाक येतो? हिशेब?' वॉर्डात शेगडी नाही, सुरी नाही, सुटे पैसे नाहीत, दाराला आतून कडी नाही. तयारी करायची कुठे? कोरड्या विहिरीत पोहायला शिकवण्यातला हा प्रकार. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचाराची किंवा व्यसन सोडण्याची अट न घालता आधी घर द्यायला सुरुवात केली, ती याच अडचणीवर बोट ठेवून. आमची घरं अगदी त्या पद्धतीची नाहीत, पण माझा हट्ट तोच. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं १९वं कलम आहे : कुटुंब नाही, कुटुंब घ्यायला तयार नाही, घर नाही किंवा वस्तीत सोय नाही, केवळ एवढ्यासाठी कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. म्हणून मी कागदाच्या शेवटी 'कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' लिहीत नाही. वरिष्ठांना ते खटकतं. खटकू दे.

सही घेण्याआधी घर दाखवायला नेते. आक्कांनी नळ सोडून पाहिला, बंद केला. खिडकीतून बाहेर बघितलं. मग ताईंना विचारलं, "किल्ली कुणाकडे असते?" ते उत्तर ठरेपर्यंत त्यांनी अंगठा दिला नाही. कागदावर मी भर घातली, 'एक किल्ली स्वतःकडे हवी.' दोघी मैत्रिणी असतील तर दोन फॉर्म एकाच टाचणीत लावून पाठवते. फॉर्ममध्ये नाव एकाचंच मावतं, त्याला माझा इलाज नाही.

आधार कार्डाची गंमत वेगळीच. नवं काढायला बोटं टेकवली की कधीकधी अर्ज फेटाळला जातो, कारण ते आधीच निघालेलं असतं. म्हणजे नाव सापडलं, गाव सापडलं! कार्यालयात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहतात आणि रेफरल तिथल्या तिथे थांबतं. फोन लागतो. एखादा भाऊ दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून येतो, एखादा म्हणतो, "तिचं लग्न झालंय, सासरी विचारा." भाऊ आला तरी मी फॉर्म मागे घेत नाही. कुठे जायचं हे आधी बाईंना विचारायचं असतं.

या घरांवर माझा एक आक्षेप आहे. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, लीव्ह अँड लायसन्सचं आणि संस्थेच्या नावावर. राहणाऱ्यांचे तपशील पोलिसांना दिले जातात, पण करारात त्या कुठेच नाहीत. उद्या संस्थेचा निधी आटला तर सामान कुणी बांधायचं हे उघड आहे. तोवर त्या पत्त्यावर बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, मतदार यादीत नाव, जे जे चढवता येईल ते मी चढवून घेते. सध्या वाद चालू आहे तो एका कलमावरून. राहणाऱ्यांची नावं कराराला जोडावीत आणि घर सोडायचं ठरलं तर त्यांना तीन महिने आधी लेखी कळवावं, असं माझं म्हणणं. संस्थेचे वकील म्हणतात, एवढं वाचून मालक बिचकतील. तर मालकांशी बोलायला मी येते, असं मी त्यांना कळवलं आहे.