राबाचे दिवस

चैत्र लागला. सकाळी जेट्टीवर गेलो तर समोरचा जंजिरा धुरकट दिसत होता. आभाळ आलं की आमच्या पोटात गोळा येतो. उशिरा आलेल्या मोहोरावर आता तुडतुडे पडणार, बुरशी धरणार.

वाल मात्र निघाला. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर येणारं हे पीक, पाण्याचा एक पाट न मागणारं. दाणा टपोरा आहे. शेतं रिकामी झाली तशी गुरंही मोकळी सुटली. आमची कोकणी गाय अंगानं लहान, पण डोंगरउतारावर दिवसभर चरते. संध्याकाळी तिला पेंढा घालताना उडवी किती उतरली हे रोज नजरेनं मोजतो. पावसापर्यंत ती पुरायला हवी.

आज भाताच्या रोपांसाठी राब भाजला. खाली शेण, त्यावर कवळ, पातेरा, वरून मातीचा पातळ थर. वाऱ्याच्या उलट अंगानं आग लावायची, म्हणजे ती सावकाश सरकते, जमीन नीट भाजते, तणाचं बी मरतं. कवळासाठी ऐन, किंजळ बोडकी होतात, ते बघवत नाही.

परसात सुपारीची रोपं आता उंच झालीत. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात जुनी बाग एका दुपारी आडवी झाली होती. त्याच खड्ड्यांशेजारी ही लावली. सुपारी धरायला सहा-सात वर्षं घेते. यंदा दोन झाडांना पहिली पोय आली आहे.