चार मेंदूंचं विमान

ओझर म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, द्राक्षं आणि विमानं! नाशिकजवळच्या या गावात कितीतरी वर्षांपासून विमानांचा कारखाना आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथं तयार झालेलं पहिलं तेजस आकाशात झेपावलं, तेव्हा माझ्या सातवीतल्या भाचीचा आनंद विचारू नका. ‘आपलं नाशिकचं विमान’ असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

पण जेमतेम महिना उलटला आणि २१ नोव्हेंबरला वाईट बातमी आली. दुबईच्या हवाई प्रदर्शनात कसरती करताना एक तेजस कोसळलं. विंग कमांडर नमांश स्याल यांना वीरमरण आलं. टीव्हीवर ते दृश्य पाहून भाची दोन दिवस गप्पच होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “मामा, विमान आकाशात नेण्याआधी ते नीट उडेल की नाही, हे कसं बघतात रे?”

मला कुठं काय येत होतं! पण बंगळूरला माझा धाकटा भाऊ राहतो. तेजसचा जन्म त्याच शहरातला. नाताळच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस पकडली आणि निघालो.

भावाच्या शेजारी एक आजोबा राहतात. मूळचे बेळगावचे, त्यामुळे मराठी अगदी ठसठशीत. सारी नोकरी विमानांच्या कामात गेलेली. भाचीचा प्रश्न ऐकताच म्हणाले, “चला की मग! एचएएलचं संग्रहालय बघू या.”

जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर हे संग्रहालय आहे. २००१ साली सुरू झालं. आवारात झाडांच्या सावलीत खरीखुरी विमानं उभी आहेत, अगदी जवळ जाऊन पाहता येतात. आजोबांनी आम्हाला आधी एचटी-२ची गोष्ट सांगितली. प्रशिक्षणासाठी बनवलेलं हे छोटं विमान १९५१ साली पहिल्यांदा उडालं. ते तयार करणारे होते डॉ. विष्णू माधव घाटगे, म्हणजे आपले कोल्हापूरकडचे बरं का!

“या विमानात वैमानिकानं दांडा ओढला, की तो दांडा थेट शेपटीच्या पट्ट्या हलवायचा,” आजोबा म्हणाले. “सायकलचा ब्रेक दाबला की तार ओढली जाते ना, तसंच. तेजसमध्ये तसं नाही. तिथं दांडा हलवला की विजेच्या तारेतून संदेश जातो तो संगणकाकडे. पंखाच्या पट्ट्या किती हलवायच्या, ते संगणक ठरवतो.”

“पण मध्ये संगणक कशाला?” भाचीनं विचारलं.

आजोबांनी आपली हातातली काठी तिच्याकडे दिली. “मुठीकडून धर आणि खाली लोंबकळू दे. आता धक्का दे.” काठी झुलली आणि पुन्हा सरळ झाली. “आता तीच काठी तळहातावर उभी कर.” भाची हात इकडे नेतेय, तिकडे नेतेय, तरी दोन-तीन सेकंदांत काठी खाली!

“साधं विमान त्या लोंबकळणाऱ्या काठीसारखं असतं. वाऱ्याचा धक्का बसला तरी आपलं आपण सरळ होतं. तेजस मात्र तळहातावरच्या काठीसारखं आहे. आणि ते मुद्दाम तसं केलंय!”

आम्ही दोघं बघतच राहिलो. पण कारण सोपं आहे. जे विमान आपोआप सरळ होतं, ते वळायलाही कुरकुर करतं. लढाऊ विमानाला तर क्षणात वळता यायला हवं. म्हणून त्याचा तोल मुद्दाम नाजूक ठेवायचा आणि तो सांभाळायचं काम संगणकाला द्यायचं. विमानाचं नाक किती वर-खाली होतंय, वेग किती, हवेचा दाब किती, हे संगणक दर सेकंदाला कित्येक वेळा तपासतो आणि पंखाच्या पट्ट्या हलवत राहतो. माणसाचा हात एवढा चपळ कसा असणार?

“आणि संगणकच बिघडला तर?” भाचीनं बरोबर मर्मावर बोट ठेवलं.

“म्हणून तर चार आहेत! चौघं एकच हिशेब करतात आणि उत्तरं जुळवून बघतात. एकाचं वेगळं आलं, की बाकीचे तिघं त्याला बाजूला बसवतात.”

भाची खूश झाली. पण आजोबांनी डोळे मिचकावले. “थांब, थांब. वर्गात चार मुलांनी एकाच वहीतून गणित उतरवलं आणि त्या वहीतच चूक असली तर?”

“तर चौघांचंही चुकणार!”

“शाब्बास! चारही संगणकांना नियम शिकवणारी आज्ञावली एकच असते. तिच्यात चूक राहिली, तर चौघं एकमतानं चुकतील. म्हणून खरी कसोटी त्या आज्ञावलीची.”

मग त्यांनी स्वीडनची गोष्ट सांगितली. त्या देशाचं ग्रिपेन नावाचं विमानही असंच नाजूक तोलाचं. २ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याचा पहिला नमुना उतरताना डोलू लागला आणि धावपट्टीवर कोलांटला. नशीब, वैमानिक बचावला. यंत्रं शाबूत होती, चूक होती ती संगणकाला शिकवलेल्या नियमांत. अरुंद बोळात समोरून कोणी आलं की आपण डावीकडे सरकतो, तोही तिकडेच सरकतो, मग दोघंही उजवीकडे! तसंच वैमानिक आणि विमान यांचं झालं. वैमानिक सावरायला जाई तोवर विमान पुढं गेलेलं असे, आणि डोलणं वाढतच जाई. दुरुस्त्या झाल्या, तरी १९९३च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोम शहरावर प्रदर्शन चालू असताना पुन्हा एक ग्रिपेन हातचं गेलं. तेव्हाही वैमानिक छत्रीनं सुखरूप उतरला. त्यानंतर नियम पुन्हा तपासून बदलले गेले आणि ग्रिपेन नावाजलेलं विमान ठरलं.

“आपल्या लोकांनीही त्यातून धडा घेतला,” आजोबा म्हणाले. “तेजसचा पहिला नमुना १७ नोव्हेंबर १९९५ला जगाला दाखवला. पण तो उडाला ४ जानेवारी २००१ला!”

“पाच वर्षं नुसता उभा?”

“नुसता कुठला! त्या काळात ‘लोखंडी पक्षी’ राबत होता.”

हा लोखंडी पक्षी म्हणजे एक मोठा सांगाडा. विमानाचे खरे संगणक, खऱ्या तारा, तेलाच्या दाबावर चालणारे खरे नळ आणि दट्टे, सगळं त्यावर जागच्या जागी बसवलेलं. फक्त तो उडत नाही! वैमानिक समोर बसून ‘उड्डाण’ करतो आणि इंजिनिअर मुद्दाम खोड्या काढतात. एक संगणक बंद कर, एखादी तार तोड, वेगाचा खोटा आकडा पाठव. विमान सावरलं तर ठीक. नाही सावरलं, तर चूक शोधायची, सुधारायची आणि सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून! एका ठिकाणी केलेल्या दुरुस्तीनं दुसरीकडे काही बिघडलं नाही ना, तेही बघावं लागतं.

१९९६ साली आपले नियम अमेरिकेतल्या एका खास एफ-१६ विमानात घालून ३३ उड्डाणं केली गेली. दुसऱ्या विमानासारखं वागण्याची सोंगं हे विमान घेऊ शकायचं. पण १९९८च्या मे महिन्यात भारतानं पोखरणला अणुचाचण्या केल्या. अमेरिकेनं निर्बंध घातले. तिथं काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना परत यावं लागलं, कागदपत्रं आणि यंत्रं तिकडंच राहिली. मग उरलेलं काम बंगळुरातच पुरं झालं.

आणि ४ जानेवारी २००१ उजाडला. विंग कमांडर राजीव कोठियाल एकटेच विमानात बसले. कागदावरचं, संगणकावरचं, सांगाड्यावरचं सगळं तपासून झालं होतं, तरी तळहातावरची काठी खऱ्या हवेत कोणी धरली नव्हती. १८ मिनिटांनी तेजस सुखरूप धावपट्टीवर उतरलं. हवाई दलात मात्र ते गेलं १ जुलै २०१६ रोजी. मधली पंधरा वर्षं चाचण्याच!

“मग दुबईला असं का झालं, आजोबा?” भाचीनं हळूच विचारलं.

आजोबा क्षणभर थांबले. “चौकशी चालू आहे, बाळ. काय झालं ते पुराव्यावरूनच कळेल. आपण अंदाज बांधू नये. आमच्या धंद्यात एकच शिकवतात, चूक सापडली तर लपवायची नाही आणि सापडली नाही तर ‘नाहीच’ असं म्हणायचं नाही. शोधत राहायचं.”

आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. इतक्यात केवढी तरी गर्जना झाली. भिंतीपलीकडून एक त्रिकोणी विमान उठलं आणि बघता बघता ढगांत शिरलं. रिक्षावाले, भाजीवाले आपापल्या कामात होते, त्यांना रोजचीच सवय! भाची मात्र मान वर करून उभी होती. “मामा,” ती म्हणाली, “आत्ता ते चौघं हिशेब करत असतील, नाही?”

परतीच्या गाडीत तिनं छत्री तळहातावर उभी करून पाहिली. सात सेकंद! दोस्तांनो, तुम्हीही घरी झाडूची काठी उभी करून पाहा. किती सेकंद राहते ते मोजा. आणि पुढच्या वेळी डोक्यावरून तेजस गेलं, की त्या लोखंडी पक्ष्याची आठवण ठेवा!