एअरगन १७७ घ्यावी की २२? रानडुकराचा हिशोब



तूर शेंगांवर आली, हरभरा घाट्यांवर आला की दरवर्षी एकच विचारणा सुरू होते. "काका, एअरगन घ्यायची आहे. १७७ घेऊ का २२? डुक्कर कोणत्या बोअरनं थांबते?" यंदा गावातल्या तीन पोट्ट्यांनी विचारलं, फोनवर विचारणारे वेगळेच. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

मी दहावी पास माणूस, बंदुकीचा तज्ज्ञ नाही. पण घरात १७७ ची एअरगन पंधरा वर्षांपासून आहे, कोठीतल्या उंदरांसाठी. आणि खाली जो हिशोब आहे तो शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलाच आहे. कोणीही कागद-पेन घेऊन करून पाहावा.

*आधी आकड्यांचा अर्थ*

१७७ म्हणजे नळीचं भोक ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर. २२ म्हणजे ५.५ मिलिमीटर. २५ म्हणजे ६.३५ मिलिमीटर. १७७ चा नेहमीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो, २२ चा साधारण ०.९ ग्रॅम आणि २५ चा साधारण १.६ ग्रॅम. ज्वारीचा दाणा आणि तुरीचा दाणा यांच्या मधलं माप समजा.

ताकद मोजतात जूलमध्ये. छर्‍याचं वजन किलोत घ्यायचं, वेगाचा वर्ग करून त्यानं गुणायचं आणि निम्मं करायचं. आपल्याकडे २० जूल हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण कायद्याची रेघ तिथंच आहे. ते पुढं सांगतो.

२० जूल म्हणजे किती? साखरेचा एक किलोचा पुडा दोन मीटर उंचीवरून खाली पडला की जेवढा दणका बसतो तेवढा. बस, एवढंच. फक्त छर्रा हा दणका ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवर देतो, म्हणून तो आत घुसतो.

*मग १७७ आणि २२ मध्ये फरक काय?*

दोन्ही बंदुका २० जूलच्या धरू. १७७ चा छर्रा सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास निघतो. २२ चा जड, म्हणून २०५ च्या आसपास. १७७ सरळ जातो. चाळीस मीटरवर तो अर्ध्या वितेहून थोडा जास्त खाली येतो, तर २२ चा जवळजवळ वीतभर खाली येतो. म्हणून अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी १७७ नेम धरते.

पण हलका छर्रा हवेत लवकर दमतो. चाळीस मीटरपर्यंत १७७ ची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद निघून जाते. २२ ची त्यापेक्षा कमी जाते. शिवाय २२ चं भोक दीडपट मोठं पडतं आणि २५ चं दुप्पट. म्हणजे जखम मोठी, रक्त जास्त.

इंग्लंडात एअरगनवाले पिढ्यान् पिढ्या यावर वाद घालतात. तिकडे विनापरवाना एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६ जूल. त्यांच्यात बोलायची पद्धत आहे की पिसांच्या जीवाला १७७ आणि केसाळ जीवाला २२. पण केसाळ म्हणजे त्यांच्या डोळ्यासमोर ससा आणि उंदीर असतो. पिसांचा म्हणजे कबूतर. तेही तीस-पस्तीस मीटरच्या आत आणि नेम डोक्यावर. एवढ्याशा ताकदीत डोकं सोडून कुठंही लागलं तर जीव तडफडतो, हे तिकडचे जुने लोकही सांगतात.

म्हणजे १७७ का २२ हा प्रश्न खरा आहे. पण तो एक-दोन किलोच्या जीवासाठी आहे. आपण तो ऐंशी किलोच्या डुकराला लावतो, तिथं गडबड होते.

*डुकराचा हिशोब*

"थांबवायची ताकद" या शब्दानंच आपण फसतो. वाटतं की गोळी जनावराला ढकलून मागं पाडते. करा हिशोब. ऐंशी किलोचं डुक्कर ताशी तीस किलोमीटरनं पळत आलं तर त्याच्या अंगात पावणेतीन हजार जूल असतात. तुमचा छर्रा २० जूलचा. ढकलायचं सोडाच, त्याला धक्का लागल्याचंही कळत नाही. ढकलून तर मोठी रायफलही पाडत नाही. जनावर जागेवर पडतं ते मेंदू किंवा मणका फुटला तर. नाहीतर काळीज-फुप्फुस फाटून रक्त गेलं तर, आणि त्यालाही वेळ लागतो. म्हणजे खरा प्रश्न एकच: छर्रा तिथंपर्यंत पोचतो का?

मी घरी करून पाहिलं. वडिलांच्या वेळच्या मोटेचं चामडं कोठीत पडून होतं. कपडे धुवायच्या साबणाच्या वडीसमोर ते एकेरी बांधलं आणि मागं मातीचा ढीग ठेवून दहा पावलांवरून १७७ नं छर्रा मारला. नुसत्या साबणात छर्रा बोटाच्या दोन पेरांएवढा आत जात होता. चामडं लावल्यावर साबणाला नुसता खळगा पडला. चामडं दुहेरी केलं तर छर्रा चामड्यातच चपटा होऊन बसला. आता डुकराचा नर आठवा. त्याच्या खांद्यावर, फासळ्यांवर चिवट कातडीची जाड ढाल असते. दोन नर एकमेकांना सुळे मारतात ते सहन व्हावे म्हणून निसर्गानंच दिलेली. त्यावर केस आणि वाळलेल्या चिखलाचा थर. रोह्याचा नर तर दोनशे किलोच्या वरचा, त्याचं कातडं आणखी दांडगं.

२२ घेतली तर थोडं जास्त आत जाईल, २५ घेतली तर आणखी थोडं. पण बोटभर आणि दोन बोटं यात काळीज येत नाही. तुलना म्हणून सांगतो, पिकाच्या राखणीला परवाना देतात त्या ३१५ बोअरच्या रायफलची गोळी अडीच-तीन हजार जूलची असते. वीस कुठं आणि अडीच हजार कुठं!

पोट्टे मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवतात, एअरगननं डुक्कर पाडलेले. ते खोटे नाहीत. पण त्या ३५, ४५, ५० बोअरच्या, सिलेंडरमध्ये दाबून हवा भरायच्या बंदुका आहेत. त्यातल्या मोठ्या पाचशे फूट-पाउंडाच्या पुढं जातात, म्हणजे सहाशे-सातशे जूल. आपल्या दुकानात मिळणाऱ्या बंदुकीच्या तीसपट. नाव दोन्हींचं एअरगनच, बैलगाडी आणि ट्रक दोन्हींना गाडी म्हणतात तसं.

*मग छर्रा लागलेल्या डुकराचं होतं काय?*

हे सांगायलाच खरं तर लिहायला बसलो.

दोन हिवाळ्यांआधी आमच्या लागून असलेल्या शिवारात बाया कापूस वेचत होत्या. शेजारच्या तुरीतून एकटं डुक्कर निघालं. एरवी माणसाचा आवाज ऐकून डुक्कर दुसऱ्या अंगानं निघून जातं. हे सरळ बायांवर आलं. एकीची मांडी सुळ्यानं फाडली. चौदा टाके पडले. दीड महिना तिची मजुरी बुडाली, आणि घरात कमावणारी तीच.

तिसऱ्या दिवशी ते डुक्कर नाल्यात मेलेलं सापडलं. पंचनाम्याला पंच म्हणून मी उभा होतो. जनावरांच्या डॉक्टरांनी कातडी उघडली तर तीन छर्रे निघाले, तिन्ही ४.५ मिलिमीटरचे. एक खांद्याच्या ढालीत रुतलेला, दोन मागच्या फऱ्यावर कातडीखाली. एकही आत पोचला नव्हता. भोवती सगळा पू झालेला. जखमा तीन आठवड्यांच्या असाव्यात आणि विष अंगभर पसरलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

म्हणजे छर्‍यानं डुक्कर मेलं का? मेलं. पण तीन आठवड्यांनी. ज्याच्या वावरात मारलं त्याची तूर त्या रात्री वाचली असेल. दुखण्यानं चवताळलेलं जनावर नंतर भेटलं ते दुसऱ्याच्या वावरात, वेचणीच्या बाईला. मारणारा कोण ते गावात कोणी विचारलं नाही, आणि मीही इथं विचारत नाही. एवढंच सांगतो की रात्री छर्रा झाडून घरी येऊन झोपणाऱ्याला त्याचा हिशोब कधीच दिसत नाही. हिशोब सकाळी वावरात जाणारा देतो. त्यात बहुतेक वेळा बायाच असतात.

छर्रा चुकला तरी भानगड आहेच. रात्री तुरीच्या पलीकडं जागलीवर कोण बसलंय ते दिसत नाही. डुकराला न मारणारा छर्रा शंभर मीटरवर माणसाचा डोळा मात्र फोडू शकतो.

*कायदा काय म्हणतो*

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरहून मोठा बोअर असेल किंवा ताकद २० जूलच्या वर असेल, तर एअरगनलाही परवाना लागतो. म्हणजे २२ आणि २५ या परवान्याच्या बंदुका झाल्या. "साधी छर्‍याचीच तर आहे" म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

दुसरं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात रानडुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची दोनमध्ये आहेत. पोपटसुद्धा संरक्षित आहे, मोर तर अनुसूची एकमध्ये. याच कायद्याच्या कलम ११ खाली उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अनुसूची दोनमधल्या जनावराला मारायची लेखी परवानगी वन खातं देऊ शकतं. पण ती अर्ज करून मिळते, आणि काम परवान्याच्या योग्य बंदुकीनं, जाणत्या माणसानं करायचं असतं. केरळात २०२२ मध्ये हा अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखांपर्यंत खाली दिला. आपल्याकडेही रस्ता सोपा व्हावा ही मागणी रास्तच आहे आणि ती आपण लावून धरली पाहिजे. डुकरानं एका रात्रीत एकरभर हरभरा उकरलेला मी पाहिला आहे, स्वतःचाच. राग मलाही येतो.

*एअरगनच्या पैशात काय करता येईल*

१. सोलर झटका मशीन. खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर पाहिजे, म्हणजे डुकराचं नाक लागतं. तारेखालचं गवत दर आठवड्याला कापा, नाहीतर झटका जमिनीत उतरतो. मशीन चांगल्या बनावटीचंच घ्या. घरातल्या लाइनची वीज थेट तारेत सोडू नका, त्यानं माणसं मेली आहेत.

२. एकट्यानं कुंपण केलं तर डुक्कर शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून येतं. आम्ही चौघांनी मिळून एकच गोल तार ओढली. खर्च वाटला गेला आणि जागलीची पाळी चार दिवसांआड आली.

३. हरभऱ्याच्या भोवती करडईचे चार-सहा तास पेरा. काट्यात डुक्कर शिरायला कंटाळतं. पूर्ण थांबत नाही, पण कमी होतं.

४. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा आणि वनरक्षकाकडे अर्ज द्या, पोच घ्या. भरपाई पुरी पडत नाही, मान्य. पण अर्जच नसेल तर तुमच्या शिवारात डुकरं आहेत हे कागदावर कुठंच येत नाही, आणि मग मारायची परवानगी मागताना हातात काही राहत नाही.

माझी १७७ आहे तिथंच आहे, कोठीच्या दारामागं. उंदरासाठी ती चांगली आहे. दहा पावलांवर, मागं भिंत असताना, डोक्यावर नेम धरून. त्यापुढं ती बंदूक जात नाही, मोठ्या बोअरचा छर्राही फार पुढं नेत नाही.

तुमच्या शिवारात कोणता उपाय किती दिवस टिकला, तार किती उंचीवर लावली, खर्च किती आला, ते जरूर कळवा. कृषी विभागातले साहेब लोक वाचत असतील तर करडईच्या तासांबद्दल त्यांनीही आपला अनुभव सांगावा. आणि ज्यांच्या घरी वेचणी चालू आहे त्यांनी तुरीच्या बाजूनं बायांना पाठवताना आधी डबा वाजवून, आवाज करून एक चक्कर मारून यावं.

राम राम.