पुणे ते पाचगणी: घाटाने शिकवलेली टायरची निवड

पुण्याहून पाचगणीला तुम्ही गाडीने गेला असाल. काचा वर, गाणी चालू, वाईत मिसळ आणि मग पसरणीचा घाट. तोच शंभर किलोमीटरचा रस्ता एकदा सायकलवरून करून पाहा. गाडीतून गुळगुळीत वाटणारा डांबरी रस्ता सायकलवर बसल्यावर तळहातांना वेगळेच काही सांगू लागतो. कुठे खडी, कुठे काच, कुठे बाभळीचा काटा. तुमच्या आणि त्या रस्त्याच्या मध्ये असतो फक्त दोन बोटे रुंदीचा एक टायर.

मला हे नीट कळले ते पडल्यावर. दोन वर्षांपूर्वी पाचगणीहून वाईकडे उतरत होतो. एका वळणानंतर सावलीत लपलेला खड्डा दिसलाच नाही. पुढचे चाक त्यात आदळले, टायर आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली आणि दोन-तीन सेकंदांत सगळी हवा गेली. हवा नसलेले पुढचे चाक वळत नाही, ते घसरते. मी डोंगराच्या बाजूच्या गटारात पडलो म्हणून बचावलो. हनुवटीला चार टाके पडले आणि खांदा सोलवटला. घरी आल्यावर बायकोने रागवारागवी केली नाही. तिने एवढेच विचारले, "पुढच्या वेळी लेक बरोबर असेल तेव्हा?"

लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि पाचगणीचा हट्ट धरून बसली होती. म्हणून नव्या टायरांचा शोध सुरू झाला. तो शोध आणि त्यानंतरचा प्रवास, दोन्ही तुम्हाला सांगतो. तुमच्या घरातही कुणी रोड बाइकवरून लांब जायला लागले असेल, तर यातले काही उपयोगी पडेल.

ट्यूबलेस म्हणजे नेमके काय?

मोटारसायकलला ट्यूबलेस टायर असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. सायकलचेही तत्त्व तेच. आत ट्यूब नाही. टायरची कड रिमवर घट्ट बसते, आरे जिथे जोडलेले असतात ती रिमची भोके खास पट्टी लावून बंद केलेली असतात आणि आत सीलंट घातलेले असते. सीलंट म्हणजे दुधासारखा पातळ द्रव. बहुतेकांत रबराचा चीक असतो. काटा घुसला की हवेबरोबर हा द्रव भोकाकडे धावतो आणि तिथे थिजून भोक बुजवतो.

ट्यूबच नसल्यामुळे ती चिमटण्याचा प्रश्न उरत नाही. आणि बहुतेक वेळा हवा एकदम न जाता हळूहळू जाते. माझ्यासाठी हे दुसरे कारण मोठे होते. घाटाच्या उतारावर हळूहळू जाणारी हवा म्हणजे ब्रेक लावून बाजूला थांबायला मिळालेला वेळ.

आधी रिम, मग टायर

दुकानात गेल्यावर मी पहिली चूक करणार होतो. थेट टायर बघायला लागलो. दुकानदाराने विचारले, "काका, रिम कुठली आहे?" हाच प्रश्न तुम्हीही स्वतःला आधी विचारा.

प्रत्येक रिम ट्यूबलेससाठी बनलेली नसते. रिमवर किंवा तिच्या माहितीपत्रकात "ट्यूबलेस रेडी" असे लिहिलेले हवे. साध्या रिमवर पट्टी चिकटवून जुगाड करता येतो असे सांगणारे भेटतील. घाट उतरायचा असेल तर त्यांचे ऐकू नका.

दुसरी गोष्ट, तुमची रिम हुकलेस आहे का ते पाहा. नेहमीच्या रिमच्या आतल्या कडेला टायर धरून ठेवणारी छोटी आकडी असते. काही नव्या रिमना ती नसते. अशा रिमवर कंपनीने मंजूर केलेला ट्यूबलेस टायरच चालतो आणि हवा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर भरायची नसते. २०२४ च्या यूएई टूर शर्यतीत थॉमस डी गेंट हा बेल्जियमचा अनुभवी सायकलपटू पडला आणि त्याचा टायर हुकलेस रिमवरून निघालेला सगळ्यांनी पाहिला. तेव्हापासून या रिमबद्दल बरीच चर्चा होते आहे. आपल्याकडे पंपावर "थोडी जास्त भरा" म्हणायची सवय असते. इथे ती सवय सोडावी लागते.

रुंदी किती घ्यायची?

टायरवर ७००x२८ किंवा २८-६२२ असे आकडे असतात. ६२२ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. तो जुळलाच पाहिजे. २८ ही रुंदी.

पूर्वी रोड बाइकचा टायर जितका अरुंद तितका वेगवान असे मानत. माझ्या जुन्या सायकलला २३ चे टायर होते आणि त्यांत मी शंभरच्या वर हवा भरायचो. दगडासारखे टणक. आपल्या रस्त्यांवर त्याचा अर्थ एवढाच की प्रत्येक खड्डा मनगटात जाणवायचा. शिवाय जास्त दाबावर सीलंटला काम करायला वेळच मिळत नाही. भोक बुजण्याआधी ते फवाऱ्यासारखे बाहेर उडते. टायर रुंद घेतला की हवा कमी पुरते, पकड वाढते आणि सीलंटचेही काम सोपे होते.

म्हणून माझ्या सायकलला २८ आणि लेकीच्या सायकलला ३२ चे टायर घेतले. तिच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत आणि फ्रेममध्ये जागा होती. माझ्या फ्रेममध्ये २८ च्या वर काही बसतच नव्हते. तुम्ही घेण्याआधी टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर मोकळे राहतात का, ते मोजून घ्या. चिखलात अडकणारा टायर फुटलेल्या टायरइतकाच त्रासदायक.

नक्षीकडे फार पाहू नका. ओल्या रस्त्यावर मोटारीच्या टायरला पाणी बाजूला सारायला खाचा लागतात. सायकलचा टायर इतका अरुंद आणि वेग इतका कमी की डांबरी रस्त्यावर त्यांची फारशी गरज पडत नाही. पावसात पकड येते ती रबराच्या प्रतीमुळे आणि योग्य दाबामुळे. नक्षीपेक्षा आतल्या संरक्षक थराची चौकशी करा. अगदी हलके, शर्यतीचे टायर घेण्याचा मोह होतो. आपल्याला शर्यत जिंकायची नाही, घरी परत यायचे आहे.

कात्रज ते सुरूर

डिसेंबरमधल्या एका शनिवारी पहाटे पाच वाजता आम्ही निघालो. कात्रजचा जुना घाट अंधारातच चढलो. खेड शिवापूरला उजाडले. तिथून पुढे महामार्गाची कडा, आणि सायकलवाल्याची खरी परीक्षा इथेच असते. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या कडेला पडतात आणि त्यांतल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर विखुरतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत.

शिरवळच्या आधी नीरा नदीचा पूल येतो. नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा सुरू होतो. पूल ओलांडून थोडे पुढे गेलो, तोच लेक ओरडली, "बाबा, माझ्या चाकातून दूध येतंय!" मागच्या टायरमधून पांढरे थेंब उडत होते. थांबलो. तार नव्हती, पत्र्याचा तुकडा होता आणि त्याने चांगला चार-पाच मिलिमीटरचा चिरा पाडला होता. सीलंट थिजत होते आणि पुन्हा सुटत होते.

इथे प्लग कामी आला. मोटारसायकलच्या पंक्चरला लावतात तशीच चिकट दोरी, फक्त बरीच बारीक. चिऱ्यात सुईने ती खुपसली, चाक फिरवले, हवा भरली. पाच मिनिटांत काम झाले. हवा भरायला शेजारच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मिळाला, पण त्याची नळी आमच्या बारीक व्हॉल्व्हला बसेना. रोड बाइकचे व्हॉल्व्ह बहुधा प्रेस्टा प्रकारचे असतात. मोटारसायकलच्या नळीसाठी पितळेचा एक छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो. नखाएवढी वस्तू, पण ती खिशात नसेल तर महामार्गावरचे सगळे पंक्चरवाले तुमच्यासाठी बंदच आहेत असे समजा.

खंबाटकीचा घाट चढून सुरूर फाट्याला वळलो आणि वडांच्या सावलीत वाईचा रस्ता धरला. वाईत ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले, कृष्णेच्या घाटावर पाय पसरले आणि मिसळ खाल्ली. टायर दाबून पाहिला. टणक होता. पसरणीचा घाट दहा-बारा किलोमीटरचा आणि जवळपास सहाशे मीटरचा चढ. लेक तीनदा थांबली, मी चारदा. मी पडलो ती जागा वर जाताना तिला दाखवली. तिने गटारात वाकून पाहिले आणि काही बोलली नाही.

पाचगणीची सकाळ

रात्री मुक्काम केला. सकाळी टायर पाहिला तर संध्याकाळी ५५ असलेली हवा २५ वर आली होती. प्लग कडेने झिरपत होता. चढावर ते चालले असते, उतारावर नाही. लेक म्हणाली, "हवा भरून जाऊ ना. हळूच उतरू." खरे सांगतो, मलाही मोह झाला. दुपारी वाईत बायको गाडी घेऊन येणार होती.

तरीही टायर उघडला. ट्यूबलेस असला तरी एक ट्यूब बरोबर ठेवायचीच असते. ती घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवला. कापड एकदा अडकले, दुसऱ्यांदा अडकले, तिसऱ्यांदाही अडकले. बाभळीचे तीन काटे आत टोक काढून बसले होते. सीलंटने ते मुकाट्याने झाकून ठेवले होते, म्हणून आम्हाला पत्ताच नव्हता. तशीच ट्यूब घातली असती तर पहिल्याच वळणावर ती फुटली असती. हे लक्षात ठेवा: ट्यूबलेस टायर काटे लपवतो. त्यात ट्यूब घालायची वेळ आली तर आधी कापड फिरवा. बोट फिरवू नका, काटा बोटात घुसेल.

काटे काढले, ट्यूब घातली, चिमटू नये म्हणून हवा थोडी जास्त भरली. उतरताना लेक पुढे आणि मी मागे. एकच ब्रेक सतत दाबून न ठेवता दोन्ही ब्रेक आळीपाळीने सोडत-दाबत आलो. ती जागा आली तशी गेली.

वाईत गाडीवर सायकल चढवताना बायकोने माझ्या फ्रेमवर पांढरे ठिपके पाहिले. पुढच्या टायरमधून सीलंट उडाले होते. हवा मोजली तर सकाळी भरलेल्या ६५ ची ५२ झाली होती. म्हणजे उतारावर कुठे तरी माझ्या पुढच्या चाकात काही घुसले होते, भोक बुजलेही होते आणि मला कळलेसुद्धा नव्हते. दोन वर्षांपूर्वी पुढच्या चाकातली हवा गेली तेव्हा मी गटारात होतो. या वेळी हातात चहाचा कप होता.

मग तुम्ही काय घ्यावे?

रोज आठ-दहा किलोमीटर शहरातच सायकल चालवत असाल तर ट्यूबचा चांगला टायर पुरे. तो स्वस्त पडतो आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तो दुरुस्त करू शकतो. ट्यूबलेसला देखभाल लागते. सीलंट काही महिन्यांत वाळते, उन्हाळ्यात आणखी लवकर. दर दोन-तीन महिन्यांनी तपासून त्यात भर घालावी लागते. रोड टायरला एका वेळी साधारण ३० ते ६० मिली पुरते. टायर पहिल्यांदा बसवताना साध्या हातपंपाने कड रिमवर बसेलच असे नाही. साबणाचे पाणी आणि कॉम्प्रेसर लागतो.

पण घाट उतरणार असाल, काट्यांच्या मुलखातून जाणार असाल, बरोबर कुणी लहान असेल, तर ट्यूबलेस घ्या. रिमला जुळणारा, फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद आणि संरक्षक थर असलेला. पिशवीत प्लग, ट्यूब, पंप, टायर काढायच्या दोन पट्ट्या, अ‍ॅडॉप्टर आणि कापडाचा एक तुकडा ठेवा. टायर कितीही चांगला असला तरी उतरण्याच्या दिवशी सकाळी हवा मोजा.

आमच्या घरी आता हे काम लेकीकडे आहे. शनिवारी पहाटे ती दोन्ही सायकलींची हवा मोजते, चाक फिरवून काटे शोधते आणि मग मला उठवते.