आयफेलच्या डोंगरातील वळणरस्ता

जर्मनीच्या पश्चिमेस आयफेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. डोंगर म्हणायचे ते आपल्या सह्याद्रीच्या मानाने बेतासबात. होहे आख्ट हे तेथील सर्वांत उंच शिखर अवघे ७४७ मीटरचे. परंतु दाट झाडी, वेळीअवेळी उतरणारे धुके आणि अर्ध्या तासात पालटणारे हवामान पाहून आंबोली घाटाची आठवण व्हावी. या झाडीत, न्यूर्बुर्ग गावच्या पडक्या किल्ल्याभोवती, २०.८ किलोमीटरचा एक रस्ता वेटोळे घालून पडला आहे. तो कोठेही जात नाही. जेथून निघतो तेथेच येऊन मिळतो.

१९२५ साली या भागातील बेकारांच्या हातांना काम मिळावे म्हणून त्याची बांधणी सुरू झाली. आपल्याकडेही दुष्काळी कामांतून कितीतरी रस्ते निघाले. हा मात्र निघाला शर्यतींसाठी. १९२७ च्या जून महिन्यात तो खुला झाला, आणि मोटारींची पहिली शर्यत रुडॉल्फ काराचिओला याने जिंकली. जॅकी स्टुअर्ट या स्कॉटिश शर्यतपटूने त्याला ‘हिरवा नरक’ हे नाव दिले. १ ऑगस्ट १९७६ रोजी बेर्गवेर्क या वळणाअलीकडे निकी लाउडा याची फेरारी पेटली. तो वाचला, पण फॉर्म्युला वनची शर्यत या जुन्या वेटोळ्यावर पुन्हा झाली नाही.

नवल असे की, हाच रस्ता ठरावीक दिवशी पथकर भरून कोणाही मोटारवाल्यास मोकळा असतो. त्या वेळी तो कायद्याने एकेरी वाहतुकीचा सार्वजनिक रस्ता. नियमही सार्वजनिक रस्त्याचेच. माझा पुतण्या बॉनजवळ नोकरीस आहे. त्याने जुनी बीएमडब्ल्यू एम-३ घेतली आहे, २००० ते २००६ या काळात निघालेल्या जातीची, ३४३ अश्वशक्तीची. “काका, घट्ट बसा,” एवढेच सांगून त्याने मला तीतून फिरवून आणले.

फुक्सर्‍योरं, म्हणजे कोल्ह्याची नळी, या उतारावर गाडी खाली झेपावते आणि तळाशी अशी दबते की पोट पाठीला लागावे. लगेच पुढे आडेनाउअर फोर्स्ट येथे अवघड डावे-उजवे वळण. पुतण्याने चाक पुरेसे फिरवले होते, तरी गाडीचे नाक वळेना. ते हट्टी बैलासारखे बाहेरच्या गवताकडे ओढू लागले. वेग कमी केल्यावर ती मुकाट वळली. याला तेथे ‘अंडरस्टिअर’ म्हणतात. हा गाडीचा दोष नव्हे. कारखान्याने मागे २५५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिले आणि पुढे २२५ चे, ते जाणूनबुजून. सामान्य चालकाच्या हातून आगळीक झाली तर आधी पुढची चाके घसरावीत, मागची नव्हेत. कारण घाबरलेला माणूस पाय उचलतो आणि गाडी सावरते. मागचा भाग घसरला तर सावरायला कसब लागते.

पुतण्याला पुढेही २५५ चे टायर बसवायचे होते. रुंद टायरची जमिनीवरची पकड वाढते ती कशी, हे त्याने मला समजावले. हवेचा दाब तोच ठेवला तर जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. ते आखूड आणि आडवे होते. त्यामुळे वळताना रबर कमी पिळवटते, उष्णताही अधिक रबरात वाटली जाते. आमच्या लहानपणी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना पाहिली आहे; तिचे गणित मापाच्या दोरीवर चाले. येथले गणित मिलिमीटरचे. २२५/४५ आणि २५५/४० या दोन टायरांच्या व्यासांत जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक, म्हणून वेगमापक खोटे बोलत नाही. अडचण रुंदीची. आठ इंची रिम काढून नऊ इंची लावली की २५.४ मिलिमीटर वाढतात, निम्मे आत आणि निम्मे बाहेर. आत स्प्रिंगचा खांब, बाहेर मडगार्डची दुमडलेली कड. आत घासू नये म्हणून चाक बाहेर सरकवावे, तर कड आडवी येते.

जर्मनीत असे चाक मंजुरीविना लावून रस्त्यावर गेल्यास गाडीचा चालवण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. तपासनिसाने गाडी उचलून, चाके शेवटपर्यंत वळवून पाहिली, आणि उजव्या कडेवर रबर घासल्याची काळी रेघ बोटाने दाखवली. मंजुरी नाकारली. दुसर्‍या दिवशी रविवार, रस्ता खुला, मित्रमंडळी जमलेली. “एका फेरीने काय होतंय?” असे म्हणणारे तेथेही भेटतात! कोल्ह्याच्या नळीच्या तळाशी गाडी दबते तेव्हा ती काळी रेघ काय करील, हे मला आठवत होते. मी काही बोललो नाही. पुतण्याने त्या रात्रीच जुनी चाके पुन्हा चढवली.

पुढच्या आठवड्यात मडगार्डची कड आत दाबून घेतली, चाकाचा माथा किंचित आत झुकवला, आणि कागदावर शिक्का मिळाला. आडेनाउअर फोर्स्टला गाडी आता सांगितले तेथे वळली. मात्र ब्रुनशेनच्या उतारावर, ओल्या डांबरावर, मागचा भाग एकदा हलकेच सुटला. पूर्वी पुढचे चाक जी सूचना आधी देई, ती आता मिळाली नाही. पुतण्याने स्टिअरिंग उलटे फिरवून गाडी सावरली, काही न बोलता वेग उतरवला, आणि उरलेली फेरी आम्ही उजव्या कडेने, मागून येणार्‍यांना वाट देत, पूर्ण केली. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो, हे त्याने मला वाहनतळावर कॉफी पिताना सांगितले.