निरंक

१८९७च्या पुण्यातील प्लेगविषयी वर्गात बोलताना मी एका तपशिलापाशी हमखास थांबत असे. लोक रोगी लपवीत. झडतीला आलेले गोरे सोजीर थेट देवघरापर्यंत शिरत, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. अशा वेळी लपवणे हाच शहाणपणा होता, असे मी मोठ्या अधिकाराने सांगे. साथरोग कायदा त्याच वर्षीचा. रँडवर गोळी झाडली गेली तीही त्याच वर्षी, २२ जूनच्या रात्री.

२०२०च्या जुलैत, तोच कायदा पुन्हा लागू असताना, आमच्या दारात वही घेऊन आशाताई उभ्या राहिल्या. "घरात कुणाला ताप, खोकला?" मी "नाही" म्हणालो. त्याच क्षणी आतल्या खोलीत आई खोकली. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि रकान्यात 'निरंक' लिहिले.

इथे सोजीर नव्हते. पायांत झिजलेल्या चपला घातलेली एक थकलेली बाई होती. आईला एकटीला केंद्रात नेतील ही भीती होतीच; पण खरे सांगायचे तर शेजारी काय म्हणतील, ही त्याहून मोठी होती.

आईच्या दंडावर देवी काढल्याचे वण आहेत. १९६२पासून देशभर सरसकट टोचण्याची मोहीम चालली, तरी रोग हटेना. पंचावन्न कोटींत दहापैकी नऊ जणांना टोचले, तरी साडेपाच कोटी उरतातच. शिवाय रोज नवी बाळे जन्मतात. म्हणून १९७३पासून घरोघरी शोध आणि सापडलेल्या रोग्याभोवतीच्यांना लस, असा मार्ग धरला गेला. कार्यकर्ते फोडांनी भरलेल्या मुलाचे चित्र दाखवीत बाजारांतून, शाळांतून विचारत हिंडले. पुढे खबर देणाऱ्याला हजार रुपये जाहीर झाले. मे १९७५मधला रुग्ण देशातला शेवटचा ठरला. अर्थात देवी चेहऱ्यावरच उमटत. करोनाला माझे एक 'नाही' पुरले.

आई आठवड्याभरात बरी झाली. तपासणी आम्ही केलीच नाही. पुढच्या महिन्यात वही घेऊन दुसऱ्याच बाई आल्या. आधीच्या ताई कुठे आहेत, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. आईच पुढे होऊन म्हणाली, "गेल्या महिन्यात मला ताप होता. लिहून घ्या."

त्या म्हणाल्या, "आजी, गेल्या महिन्याची वही वर जमा झाली."